पाचवा रकाना

आमच्या शाळेत मुलांच्या वागणुकीची एक वही आहे. तिला सगळे लाल वही म्हणतात आणि ती हिरवी आहे. आधीची लाल होती, ती भरली, मग दुकानात हिरवीच मिळाली, आणि नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. नियम सोपा आहे. एका वर्षात एका नावावर तीन नोंदी झाल्या की शाळा सोडल्याचा दाखला हातात. हा नियम कोणी केला ते कुणाला माहीत नाही, त्यामुळे तो बदला असं कुणाला सांगायचं तेही माहीत नाही.

वही ज्यांच्या ताब्यात असते ते आमचे क्लार्क. वय सत्तावन्न. शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये जाताना फाईल पोटाशी धरून किंचित पुढे वाकायची सवय. आम्ही शिक्षक त्यांना तोंडावर काका म्हणतो. पाठीमागे मुलं आणि शिक्षक, दोघंही, त्यांना 'त्याआधी' म्हणतात. या एका बाबतीत आमच्या शाळेत मुलं आणि शिक्षक एकदिलाने वागतात.

काकांची खोली जिन्याखाली आहे. आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागते. पूर्वी तिथे तक्रार घेऊन येणाऱ्या शिक्षकाला खुर्ची आणि तक्रार ज्याच्यावर आहे त्या पोराला भिंत, अशी व्यवस्था होती. काकांनी प्रयोगशाळेतली दोन मोडकी स्टुलं मागून आणली आणि सुताराकडून दुरुस्त करून घेतली. आता दोघंही सारख्या उंचीवर बसतात आणि सारखेच डुगडुगतात.

मग काका पेन्सिलीला टोक करतात. यात बराच वेळ जातो. टोक झालं की कच्चा कागद पुढे ओढतात आणि विचारतात, "हं, काय झालं?"

शिक्षक म्हणतात, "अतिशय उद्धट मुलगा आहे."

"ते मत झालं सर. काय केलं त्याने?"

सर सांगतात. काका लिहितात. आणि मग तो प्रश्न येतो, "त्याआधी काय झालं?"

छापील वहीत रकाने चारच. तारीख, नाव, गैरवर्तन, सह्या. काकांनी प्रत्येक पानावर निळ्या पेनाने पट्टी लावून पाचवी उभी रेघ मारलेली आहे आणि वर बारीक अक्षरात लिहिलंय, 'त्याआधी'. हा रकाना भरल्याशिवाय ते पक्की नोंद करत नाहीत. मोठ्या बाईंनी सांगितलं तरी करत नाहीत. त्या फार चिडल्या की काका उभे राहतात, "हो बाई" म्हणतात आणि पुन्हा पेन्सिलीला टोक करायला बसतात.

एकदा पी.टी.च्या सरांनी सहावीतल्या एका मुलाला कॉलर धरून आणला. रांगेत सरळ उभा राहत नव्हता. त्याआधी काय झालं? सरांनी त्याला मैदानाला आठ फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्याआधी? तो उशिरा आला होता. मुलगा म्हणाला, मी वेळेवर आलो होतो, गेट बंद होतं. गेट कोणी बंद केलं? सरांनी. का? शिट्टी सापडत नव्हती, शिट्टीशिवाय पोरं आत घेऊन काय करणार? शिट्टी कुठे होती? सरांच्या खिशात. काकांनी हे सगळं ओळीने लिहून काढलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "लिहू पक्कं?" सर म्हणाले, "राहू दे." मुलगा लंगडत वर्गात गेला आणि सर शिट्टी वाजवत मैदानावर.

काका मुलांना सोडतात असं मात्र नाही. बाकावरच्याने माझा डबा सांडला म्हणून रडत येणाऱ्यालाही तोच प्रश्न. त्याआधी काय झालं? त्याआधी याने त्याचे बूट पाण्याच्या टाकीवर फेकलेले असतात. रडणं तिथल्या तिथे थांबतं. जुन्या लाल वहीत वर्षाला दोनशे-दोनशे नोंदी आहेत, हिरव्या वहीत अकरा-बारा. मोठ्या बाई दर वर्षी पालकसभेत हा आकडा वाचतात आणि त्याला शिस्तीची परंपरा म्हणतात.

स्टाफरूममध्ये काकांवर सगळ्यांचा राग. ज्याला पोराला अद्दल घडवायची असते त्याला आपणच सकाळपासून काय काय केलं ते आठवत बसायला कसं आवडेल? सगळ्यात जास्त राग माझा. मी गणित शिकवते. राग माझ्या नाकावर असतो असं माझी आई म्हणते, आणि तिचं मुळीच चुकत नाही. पाच वर्षांत मी बारा वेळा जिन्याखाली गेले आणि अकरा वेळा हात हलवत परत आले. बाराव्या वेळी नोंद झाली, पण पाचव्या रकान्यात माझ्याबद्दल इतकं होतं की ती न झालेली बरी.

"हा माणूस पोलिसात हवा होता," मी एकदा चहा पिताना म्हणाले.

"पोलिसात गेला असता तर तुरुंग ओस पडले असते," भाषेच्या बाई म्हणाल्या आणि बिस्कीट बुडवून खाल्लं.

आता भोंग्याविषयी. नववी ब मधली ही मुलगी. आवाज असा की मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या या टोकाला कुजबुजली तर त्या टोकाला ऐकू जायचं. वर्षाच्या सुरुवातीलाच तिच्या नावावर पहिली नोंद झाली. तिने शाळेची घंटा दहा मिनिटं आधी बडवली आणि नऊशे मुलं मैदानात आली. त्याआधी: पहिलीतल्या एका मुलाला लघवीला जायचं होतं आणि त्याच्या बाईंनी घंटा होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. दुसरी नोंद प्रार्थनेच्या वेळची. मोठ्या बाईंनी माइकवरून विचारलं होतं, "मुलांनो, ही शाळा कोणाची आहे?" सगळ्यांनी गप्प बसायचं आणि बाईंनीच उत्तर द्यायचं, असं ते दर वर्षीचं भाषण असतं. भोंगा म्हणाली, "वॉचमनची!" त्याआधी: वॉचमनने नववीच्या मुलींना अर्धा तास गेटबाहेर उभं केलं होतं, गेटची किल्ली हातात असताना.

या दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या, कारण तक्रार करणाऱ्यांनी पाचवा रकाना ऐकूनही माघार घेतली नाही. थोडक्यात, आणखी एक नोंद झाली की भोंगा घरी. नववीच्या मध्यावर दाखल्यावर 'वर्तन असमाधानकारक' असलेली मुलगी दुसरी कुठली शाळा घेते, ते सांगायला नको. ही तिसरी नोंद घेऊन जिन्याखाली जी गेली, ती मी.

झालं ते असं. चाचणीचे पेपर वाटायचे होते. माझी एक पद्धत होती. गुण खालून वाचायला सुरुवात करायची. सगळ्यात कमी ज्याला, त्याने उभं राहायचं आणि वर्गाने टाळ्या वाजवायच्या. यामुळे मुलांना जिद्द येते असं मला वाटायचं. निदान मी तसं सांगायचे. त्या दिवशी सगळ्यात कमी भोंग्याच्या शेजारणीला होते, चाळीसपैकी तीन. ही शेजारीण म्हणजे हजेरी घेतानाही जिचा आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता अशी मुलगी. ती पेपर घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "टाळ्या." वर्गाने वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून तीही वाजवू लागली, तिच्या हातातला पेपर मध्ये फडफडत होता. मला हसू आलं. माझं हसू पाहून वर्ग हसला.

भोंगा बाकावरून उठली, टेबलापाशी आली, पेपरांचा गठ्ठा उचलला आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडला.

खाली टाकीचं पाणी वाहून कायम चिखल असतो. पेपर त्यात जाऊन पडले. एक पी.टी.च्या सरांच्या डोक्यावर अलगद उतरला. त्यांनी तो उघडून पाहिला आणि वर बघून ओरडले, "छत्तीस! छान आहेत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भोंग्याचं दप्तर धरलं आणि तिला जिन्यावरून खाली आणलं. वाटेत मोठ्या बाई भेटल्या. त्यांना सांगितलं. त्यांनी तिथूनच काकांना आवाज दिला, "हिचा दाखला तयार ठेवा. तारीख तेवढी मोकळी सोडा." काकांनी दाखल्याचं पुस्तक काढलं, भोंग्याचं पूर्ण नाव सुरेख अक्षरात लिहिलं आणि पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं. मग पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"टोक आहे तिला काका!" मी ओरडले.

"असू दे," ते म्हणाले. टोक करून झालं. "हं, काय झालं?"

"हिने बेचाळीस पेपर खिडकीबाहेर फेकले."

काकांनी भोंग्याकडे पाहिलं. "फेकलेस?"

"हो."

"बेचाळीस?"

"एकेचाळीस. एक तिच्या हातात होता."

काकांनी आकडा दुरुस्त केला. "बाई, त्याआधी काय झालं?"

"त्याआधी काही झालं नाही. मी पेपर वाटत होते."

"कसे वाटत होता?"

"कसे म्हणजे? हातांनी!"

काकांनी 'हातांनी' असं लिहिलं. लिहून माझ्याकडे पाहत बसले. त्यांच्या पाहण्यात काही आरोप नसतो, तेच वाईट. आरोप असता तर मला भांडता आलं असतं. मी तरीही भांडले. पेपर चिखलात गेले होते, वर्गात माझी शोभा झाली होती, आणि हा माणूस मलाच उलटं विचारत होता.

"तुमच्या स्वतःच्या मुलीने हे केलं असतं ना काका, तर दोन थोबाडीत ठेवून मोकळे झाला असता. तेव्हा नसतं विचारलंत त्याआधी काय झालं म्हणून!"

"नव्हतं विचारलं," काका म्हणाले.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. भोंग्याला म्हणाले, "बाळ, जरा व्हरांड्यात थांब." ती गेल्यावर त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुनी वही काढली. ही खरोखरच लाल होती. एक पान त्यांनी न शोधता उघडलं. पानावर रकाने चारच होते. बावीस वर्षांपूर्वीची तारीख, इयत्ता आठवी, एका मुलीचं नाव, आणि त्या नावापुढे काकांचं आडनाव. गैरवर्तन: कंपासपेटी फेकून वर्गाची काच फोडली. शेजारी आठवीतल्या गोल अक्षरातली सही.

"ही तिची तिसरी," काका म्हणाले. "आधीच्या दोन गृहपाठाच्या होत्या. तेव्हा गृहपाठालाही नोंद व्हायची. ड्रॉइंगचे सर तिला घेऊन आले. मी क्लार्क, ती माझी मुलगी. काही विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलीची बाजू घेतो. म्हणून नाही विचारलं. चार मिनिटांत नोंद झाली. सरांनी मला चहा पाजला. म्हणाले, माणूस असावा तर असा. दुपारी दाखलाही मीच लिहिला."

"मग?"

"मग लांबच्या शाळेत गेली. सकाळी साडेपाचला निघायची. शिकली. पोस्टात आहे आता, काउंटरवर. माझा डबा तीच भरते."

"बोलता ना एकमेकांशी?"

"बोलतो की. गॅस संपला, पाणी आलं, औषध घेतलं का. सगळं बोलतो."

"आणि तिला कधी विचारलं नाहीत? बावीस वर्षांत?"

काकांनी थोडा विचार केला. "शाळेत असताना घरचं कसं काढायचं? आणि घरी गेल्यावर शाळेचं कसं काढायचं?" मग हिरव्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याच आठवड्यात ती लाल वही भरली. पुढच्या सोमवारी ही आली आणि हिच्यात पाचवी रेघ मारली. तेवढं केलं."

मला एरवी रडू येत नाही, राग येतो. त्या वेळी रागही आला नाही. मला त्या माणसाची फार दया आली, आणि त्याच्या मुलीची त्याहून जास्त, आणि दोन्हींच्या खाली कुठेतरी माझी स्वतःची लाज वाटली. मी भोंग्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. खालून गुण वाचायची पद्धत. टाळ्या. ती मुलगी स्वतःही टाळ्या वाजवत होती ते. मी हसले ते. काका लिहीत होते.

"त्याआधी?" त्यांनी विचारलं.

त्याआधी सकाळी मोठ्या बाईंनी स्टाफरूमच्या कपाटावर सगळ्या विषयांच्या निकालाचा तक्ता चिकटवला होता. माझा विषय सगळ्यात खाली, त्याच्याखाली लाल पेनाने दोन रेघा. आम्ही सगळे त्या तक्त्यासमोर चहा प्यायलो. हेही मी सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा चढला, तो काकांनी लिहिला नाही.

त्यांनी कच्चा कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "लिहू पक्कं?"

जिन्याखालच्या खोलीत या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "राहू द्या." म्हणताना मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही वाटून गेलं.

"नाही!" भोंगा म्हणाली. "लिहा!"

व्हरांड्यापलीकडच्या सातवीच्या वर्गाने माना वळवल्या.

"अगं, वेडी आहेस का?" मी म्हटलं. "लिहिलं तर दाखला मिळेल तुला. तो बघ, नाव घातलंय त्यावर."

"माहितीये मला."

"मग?"

"तुम्ही राहू द्या म्हणालात की टाळ्या पण राहून जातील ना, बाई. कुठेच लिहिलेलं असणार नाही. पुढच्या चाचणीला परत वाजतील." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच, लाउडस्पीकरवरून यावा तसा. "काका सगळं लिहितात म्हणून मी खोटं बोलले नाही. आता लिहा."

मी पाच वर्षं वर्गात जिद्द जिद्द म्हणत होते. ती अशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, माझा आठवीवर तास होता, तिथून बाकं वाजल्याचा आवाज यायला लागला. कोणी उठलं नाही. भोंग्याचा निम्मा जन्म त्या उघड्या पुस्तकात तारखेवाचून पडला होता आणि तो तिने स्वतः ढकलून दिला होता, एका बाकावर बसणाऱ्या मुलीसाठी. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते पक्क्या पेनाचं टोपण काढून बसले होते.

"नाव कोणाचं घालू?" त्यांनी विचारलं. नेहमीच विचारतात, नेहमी मुलाचंच असतं.

"माझं," मी म्हटलं.

काकांचं पेन हवेत थांबलं. "शिक्षकाचं नाव आजवर या वहीत आलेलं नाही."

"टाळ्या मी वाजवायला लावल्या. सुरुवात तिथून आहे. पेपर नंतर गेले."

"ते कुठे घालू?"

"शेवटी. तिने फेकले असं स्वच्छ लिहा. पण नोंद माझी."

काकांनी पक्कं लिहायला घेतलं. त्यांना वीस मिनिटं लागली. नाव माझं, गैरवर्तन माझं, त्याआधीच्या रकान्यात तक्ता आणि दोन लाल रेघा, आणि सगळ्यात शेवटी, 'यानंतर विद्यार्थिनीने एकेचाळीस उत्तरपत्रिका खिडकीतून खाली टाकल्या.' मी सही केली. भोंग्याने केली, तिने सहीखाली एक रेघही मारली. काकांनी दाखल्याच्या पुस्तकातलं पान फाडलं नाही, त्यावर तिरप्या दोन रेघा ओढून 'रद्द' लिहिलं, कारण पानाला छापील क्रमांक असतो.

भोंगा गेल्यावर मी म्हटलं, "काका, आज घरी गेलात की विचारा तिला."

"बघतो."

"बघतो नाही. मी माझं नाव दिलंय."

मोठ्या बाईंनी ती नोंद दोन दिवस टेबलावर ठेवली. मला बोलावून घेतलं. शिक्षकांचा मान, शाळेचं नाव, पालकांना कळलं तर काय, असं सगळं बोलल्या. पाचव्या रकान्याबद्दल अक्षरही काढलं नाही. मग मला लेखी समज दिली, ती माझ्या फाईलला लागली, आणि वहीवर सही केली. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममधला तक्ता नव्हता. चिकटपट्टीचे चार डाग कपाटावर अजून आहेत. पी.टी.चे सर मला भेटले की सांगतात, "बाई, जपून हं, दोनच राहिल्या." भोंगा शाळेत आहे. एकेचाळीस पेपर तिने आणि तिच्या शेजारणीने मिळून धुऊन वाळवले, त्यातले नऊ वाचता येतात.

काका मात्र काही बोलेनात. मी रोज जिन्याखाली डोकावायचे, ते रोज पेन्सिलीला टोक करत असायचे. आठव्या दिवशी मी जाऊन स्टुलावर बसलेच.

"विचारलं," ते म्हणाले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, थांबा, भाजी करपेल."

"मग?"

"मग तिने गॅस बंद केला."

"मग काय झालं, काका?"

काकांनी दार लोटून घेतलं. जुनी लाल वही टेबलावर काढून ठेवलेलीच होती. पान उघडलं, पट्टी लावली आणि चार रकान्यांच्या त्या पानावर कडेला निळी रेघ मारली. रेघ खाली किंचित वाकडी गेली. वर 'त्याआधी' लिहिलं. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही लिहा. घरच्यांची नोंद मी घेत नाही."

"एकदा घेतलीत."

"म्हणूनच."

मी पेन घेतलं. काका सांगू लागले. ड्रॉइंगचे सर वर्गावर होते. काका एक सूचना घेऊन त्या वर्गात गेले होते. सूचना देऊन, सरांची सही घेऊन परत निघाले. ते दाराबाहेर पडल्यावर सरांनी वर्गाला काका कसे चालतात ते करून दाखवलं. वर्ग हसला. परत करून दाखवलं. परत हसला. तिसऱ्या वेळी कंपासपेटी आली, ती सरांना न लागता काचेला लागली.

मी लिहीत होते. माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी लिहिलं, 'सरांनी विद्यार्थिनीच्या वडिलांचा अपमान केला.'

काकांनी वाकून वाचलं. "ते मत झालं बाई. काय केलं ते लिहा."

"काय केलं म्हणजे नेमकं कसं लिहू?"

काका उठले. कपाटावरची एक फाईल घेतली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली, मान खाली घातली आणि पुढे वाकले. त्या तेवढ्याशा खोलीत दोन पावलं तसेच चालून दाखवलं. वळून परत आले.

"असं," ते म्हणाले. "लिहा."

मी अपमान खोडला आणि लिहिलं. फाईल पोटाशी धरून, मान खाली घालून, वाकून चालून दाखवले. तीन वेळा. काकांनी फाईल जागेवर ठेवली आणि स्टुलावर बसले. वर वर्ग सुटला आणि जिन्यावरून शंभर पोरं धडधडत उतरली, ती संपेपर्यंत आम्ही बसून होतो.

"तेव्हाच का नाही सांगितलं तिने?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच सरांसमोर जायचं होतं."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि नेहमीसारखं सगळं मोठ्याने वाचलं, पहिल्या रकान्यापासून पाचव्यापर्यंत, एकदाही न थांबता. मग तिच्या जुन्या गोल सहीखाली पेन्सिलीने एक लहानशी फुली केली.

"इथे तिची सही हवी," ते म्हणाले. "शनिवारी येते म्हणाली. अर्धा दिवस सुट्टी टाकून."